आंब्याच्या शेंड्यावरचा उजेड

बारा-तेरा वर्षांपूर्वी, पावसाळा तोंडावर आला असताना मी माझ्या जुन्या छोट्या गाडीला एचआयडी दिवे (तारेऐवजी विजेच्या ठिणगीने उजळणारे) बसवून घेतले. गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूला एक गॅरेज होते, तिथे. इलेक्ट्रिशियन पोरगा हाताचा चलाख. तासाभरात त्याने दोन बॅलास्ट, म्हणजे त्या बल्बना जास्त दाबाची वीज पुरवणारे डबे, बॉनेटखाली पट्ट्यांनी आवळले, जुने बल्ब काढून त्याच खाचेत नवे सरकवले, आणि काळोख पडल्यावर मला बाहेर उभे करून स्विच दाबला. "पात्रांव, कितें उजवाड पडला पळय!" खरेच पडला होता. गॅरेजसमोर जुने आंब्याचे झाड होते, त्याच्या शेंड्यावरचे पान न् पान दिसत होते. एक वटवाघूळ दचकून उडाले. आम्ही दोघेही खूश. मी पैसे मोजले आणि घरी आलो.

आंब्याच्या शेंड्यावर माझे काय काम होते, हा प्रश्न मला पडायला पुढचा सगळा पावसाळा जावा लागला.

श्रावणातली गोष्ट. उत्सवातल्या नाटकाची तालीम संपवून मी रात्री साडेअकराच्या सुमारास स्कूटरने परतत होतो. रिपरिप चालू, हेल्मेटच्या काचेवर थेंब, रस्ता काळा कुळकुळीत. वळणावरून एक गाडी आली आणि समोरचे सगळे पांढरे झाले. रस्ता गेला, कडेचा गडगा गेला, गटार कुठे आहे तेही कळेना. मी ब्रेक दाबून जागीच थांबलो, आणि डावा पाय टेकला तो गटारातच. गाडी बाजूने गेली तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. मग मागे वळून पाहिले तर बंपरचा उजवा कोपरा खरचटलेला होता. तो मीच मार्चमध्ये फाटकाला घासला होता. मला उशीर झाला म्हणून बायको माझी गाडी घेऊन मलाच शोधायला निघाली होती.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की मी एचआयडीच्या विरोधात आहे. तसे नाही. "एचआयडी चांगले की वाईट" हा आपल्याकडे चालणारा वादच मला चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. माझे म्हणणे वेगळे आहे: गाडीचा दिवा आपण विकत घेतो म्हणून तो आपला होत नाही. त्याचा अर्धा परिणाम समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत होतो, त्यामुळे तो बरा की वाईट हे ठरवण्याचा हक्कही निदान अर्धा त्याचा आहे. आणि आपल्याकडे हा हक्क बजावायची एकही जागा नाही. ती करायला हवी, आणि ती करणे मुळीच अवघड नाही.

आधी यंत्राला त्याचे श्रेय देऊ. हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून उजेड देते. एचआयडीत तारच नसते. क्वार्ट्‌झच्या वाटाण्याएवढ्या कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार असतात, आणि दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी अखंड जळत राहते. ती पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो, म्हणून बॅलास्ट. एकदा पेटली की कारखान्यातून येणाऱ्या डी-टू-एस प्रकारच्या बल्बला साधारण 85 व्होल्टवर 35 वॅट पुरतात, आणि तेवढ्यात तो 3,200 ल्युमेनच्या (ल्युमेन हे उजेडाचे माप) आसपास उजेड देतो. नेहमीचा 55 वॅटचा एच-सेव्हन हॅलोजन देतो 1,500. वीज कमी, उजेड दुप्पट. 1991 साली बीएमडब्ल्यूने आपल्या सेव्हन सीरिजमध्ये हे दिवे पहिल्यांदा दिले तेव्हा ती मोठीच उडी होती, यात वाद नाही.

पण त्या गाडीत नुसता बल्ब नव्हता, त्या बल्बसाठी घडवलेला अख्खा दिवा होता. आपण मात्र दुकानातून बल्ब आणतो आणि दिवा आणला असे समजतो. सगळी गफलत इथे आहे.

आपल्या साध्या गाड्यांत बहुतेक वेळा एच-फोर हॅलोजन असतो. कधी तो हातात घेऊन नीट पाहा. आत दोन तारा असतात. लो बीमच्या, म्हणजे खाली वळलेल्या झोताच्या, तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडूच देत नाही, आणि तिच्या कडेमुळे भिंतीवर उजेड-काळोखाची ती स्वच्छ रेघ उमटते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो म्हणून ती रेघ उजवीकडे सपाट आणि खाली राहते, डावीकडे थोडी वर चढते. उजवीकडून समोरचा येतो, त्याच्या डोळ्यांत जायचे नाही. डावीकडे कडेने माणूस चाललेला असेल, तो दिसायला हवा. एका वाटीने केवढा विचार केला आहे! रिफ्लेक्टरचा एकेक पैलू त्या तारेच्या जागेवरून, मिलिमीटरच्या हिशेबाने कोरलेला असतो. तिथे तार काढून ठिणगीची कुपी बसवली की हिशेब मोडतो. ठिणगी तारेसारखी नसते. ती किंचित वाकलेली असते, दोन्ही टोकांना जास्त प्रखर असते, आणि तिच्याभोवतीची कुपीही चमकत असते. रिफ्लेक्टर बिचारा जसे येईल तसे फेकतो. थोडे रस्त्यावर, थोडे समोरच्याच्या डोळ्यांत, उरलेले आंब्याच्या शेंड्यावर.

प्रोजेक्टरवाल्या दिव्यात पुढे भिंग आणि आत आडवा पत्रा असतो, त्यामुळे रेघ तरी शाबूत राहते. म्हणून प्रोजेक्टरवाले आपण सुटलो असे म्हणतात. अर्धे सुटले, एवढेच. हॅलोजनसाठी केलेल्या प्रोजेक्टरमध्येही उजेडाची वाटणी बिघडतेच.

"पण मला तर छान दिसते!" हे वाक्य मी त्या पावसाळ्यात निदान वीस जणांना ऐकवले असेल. ते खोटे नव्हते, पण त्यात माझी फसगत होती. बल्ब-बॅलास्टच्या असल्या किटने गाडीच्या नाकासमोरची दहा-पंधरा मीटर जमीन लख्ख उजळते. डोळ्याला ती लख्ख जमीन दिसली की बाहुली आकसते, आणि आकसलेल्या बाहुलीला पन्नास मीटरवर बसलेली गाय पूर्वीपेक्षा कमी दिसते. आपल्याला वाटते उजेड वाढला. वाढलेलाही असतो, पण जिथे नजर टाकायची तिथला नव्हे. रंगाचेही तसेच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. दुकानात 4,300 केल्विनचा बल्ब कुणी मागत नाही, कारण तो जरा पिवळसर दिसतो. 6,000 नाहीतर 8,000 चा निळसर मागतात. निळा म्हणजे पॉवरफुल असा एक समज पक्का बसला आहे. प्रत्यक्षात वॅट तेवढेच ठेवून आकडा जितका वर न्याल तितके ल्युमेन कमी होत जातात. कारखान्यातून झेनॉन घेऊन येणाऱ्या गाड्यांत 4,300 च्या आसपासचे बल्ब असतात ते उगाच नव्हे.

आणि गोव्यात पाऊस आहे. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो: आपला उजेड आपल्याकडे परत न पाठवता पुढे घसरवतो, थेट समोरच्याकडे. म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपण जितका जास्त उजेड ओतू तितका आपल्याला थोडा आणि दुसऱ्याला भरपूर मिळतो. ताशी 50 किलोमीटरने जाणारा माणूस सेकंदाला 14 मीटर जातो. तीन सेकंद डोळे दिपले तर 42 मीटर आंधळेपणाने. डिचोली-साखळी रस्त्यावर 42 मीटरमध्ये एक वळण, एक गतिरोधक आणि दोन गायी सहज मावतात. साठीच्या पुढच्या माणसाला तीन सेकंद पुरतही नाहीत. मोतीबिंदू धरू लागलेल्या डोळ्यात उजेड आतल्या आत पसरतो, आणि त्याला सावरायला जास्त वेळ लागतो. आपल्याकडे रात्री दुचाकीवर कोण असते ते आठवा. शिफ्ट संपवून आलेल्या मुली, पायलट (म्हणजे आमचे मोटारसायकल-टॅक्सीवाले), जत्रेहून किंवा दशावतार बघून परतणारे बाप्ये. त्यांच्या डोळ्यांपुढे काच असलीच तर हेल्मेटची, ओरखडे पडलेली.

इथे किट बसवणाऱ्यांची बाजू मांडलीच पाहिजे, कारण ती खरी आहे. ते हौसेपोटीच बसवतात असे नाही. चोर्ला घाटात जुलैतल्या धुक्यात किंवा करमल घाटाच्या वळणांवर जुन्या गाडीचे मूळ दिवे घेऊन रात्री जाऊन बघा. उदबत्ती बरी वाटेल. पुलांवर आणि महामार्गावर झगमगाट आहे, पण आतल्या गावांत खांबावरचा दिवा एक असतो तर दोन नसतात. कडेची पांढरी रेघ पहिल्या पावसात पुसली जाते. आणि गुरे कोरड्या डांबरावर येऊन बसतात. अशा वेळी "कायद्यात बसत नाही" असे कुणाला सांगणे म्हणजे बुडत्याला पोहण्याचे नियम वाचून दाखवणे. माणसाला दिसायला हवे आहे, आणि ते हवेच.

मात्र दिसत का नाही, हे कुणी तपासत नाही. त्यासाठी पुन्हा त्या गॅरेजात जावे लागते, पण किटसाठी नाही. जुन्या गाडीत दिव्याचा करंट बारीक वायरींतून, स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, आणि वाटेत गळतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो: दहा टक्के व्होल्टेज पडले तर उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. उपाय म्हणजे बॅटरीवरून फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा वेगळा स्विच) घालून ओढलेली जाडसर वायरिंग. त्यात चमकदार काही नाही, मित्रांना दाखवण्यासारखे तर मुळीच नाही. दुसरी गोष्ट दिव्याची प्लास्टिकची काच. आपल्या उन्हात ती पाच-सात वर्षांत पिवळी, दुधाळ होते. ती घासून पॉलिश करून वर ऊन झेलणारा थर मारला की तोच बल्ब वेगळा वाटतो. (पॉलिश करून थर न मारणारे बरेच आहेत. ते काम वर्षभरात परत येते, हे त्यांनाही ठाऊक असते.) तिसरी गोष्ट फोकस. बंपर ठोकून, दिवा बदलून, टायरचा साइज बदलून त्याची दिशा केव्हाच भरकटलेली असते. आणि चौथी तर फुकट आहे. डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांचे एक चाक असते. मागे वजन पडले की गाडीचे नाक वर होते आणि दिवे आभाळाकडे पाहू लागतात, तेव्हा ते चाक फिरवून दिवे खाली आणायचे. चवथीला डिकीत माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे) सामान आणि मागच्या सीटवर तीन माणसे घेऊन निघालेल्या किती जणांनी ते चाक हलवले असेल? मला स्वतःला ते कशासाठी आहे हे गाडी घेऊन सहा वर्षे झाल्यावर कळले.

एवढे करून झाल्यावर बहुतेकांची गरज भागते. माझी भागली. ज्यांची भागत नाही, त्यांनी नुसता बल्ब नव्हे, त्याच्यासाठी घडवलेला पूर्ण प्रोजेक्टर घ्यावा. 35 वॅटच घ्यावा, 55 नको. 4,300 च्या जवळचा घ्यावा. बॅलास्ट पाण्याच्या वाटेवर बांधू नये, आणि बसवून झाल्यावर भिंतीसमोर रेघ लावल्याशिवाय गाडी हलवू नये. तरीही कायद्याच्या काटेकोर नजरेला हा बदलच. शिवाय युरोपातल्या नियमांचा धडा ध्यानात ठेवावा: 2,000 ल्युमेनच्या वरचा उगम असेल तर तिथे दिव्याची काच धुण्याची सोय आणि वजनाप्रमाणे आपोआप दिवा खाली घेणारी यंत्रणा मागतात. चिखलाने माखलेली काच एवढा उजेड चारी दिशांना उधळते म्हणून. आपल्या किटच्या खोक्यात यातले काही नसते. उलट वायर आत न्यायला दिव्यामागच्या रबरी टोपीला भोक पाडतात, त्यातून आपल्याकडची दमट हवा आत शिरते, आणि दोन पावसाळ्यांत रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते. मग परत हॅलोजन लावायला जावे तर त्याचाही उजेड गेलेला. माझ्या डाव्या दिव्याचे तेच झाले.

आता कायद्याकडे येऊ. कायदा नाही असे कुणी म्हणू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा किंवा चालकाला खाली वळवता यावा, आणि आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवणारा नसावा. हा नियम वाचला तेव्हा मला बरे वाटले, कारण त्यात बल्बचे नाव नाही. समोरच्या माणसाचा डोळा आहे. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीत परस्पर बदल करायला मनाई करते, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेले 182-अ कलम अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगते. कागद भक्कम आहे.

पण नाक्यावरचा पोलीस दिवसा उभा असतो, आणि दिवसा दिवे बंद असतात. तो कागद बघेल, हेल्मेट बघेल, काचेची काळी फिल्म बघेल. बॉनेट उघडून बॅलास्ट शोधत बसणार नाही, आणि बसूही नये. टॅक्सी, बस, ट्रक यांना ठरावीक मुदतीने फिटनेससाठी नेतात, तिथे निदान दिवे पाहिले जातात असे धरून चालू. खाजगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची. त्या पंधरा वर्षांत तिच्या दिव्याचा झोत कुठे जातो हे एकदाही, कुणीही, कुठेही पाहत नाही. बघा विचार करून: गाडीच्या धुरात किती काय आहे ते आपण दरवर्षी मोजतो, आणि रोज रात्री शेकडो डोळ्यांत जाणारी गोष्ट पंधरा वर्षांत एकदाही नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. पीयूसीच्या वेळीच फोकस तपासा. गाडी तिथे येणारच असते, माणूस तिथे बसलेलाच असतो, नोंद संगणकात होतच असते. भारी यंत्रही सुरुवातीला नको. सपाट जमीन आणि दहा मीटरवर एक भिंत. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजायची, भिंतीवर त्याच उंचीच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली रेघ यायला हवी. रेघ वर असेल तर मागच्या स्क्रूने खाली घ्यायची, दोन मिनिटांचे काम. रेघच नसेल, नुसता पांढरा गोळा भिंतीवर चढत असेल, तर आत काय बसवले आहे ते विचारायचीही गरज नाही. प्रमाणपत्र नाही, मूळ बल्ब लावून या. पहिल्या वर्षी दंड नको. या लोकांनी गुन्हा करायचा म्हणून काही केलेले नाही. त्यांना दुकानात जे सांगितले ते त्यांनी घेतले. आणि दुकानाचेही काही बघायला हवे: 182-अ मधला हा दंड मालकाला पकडतो, पण रबरी टोपीला भोक पाडणारा हात तसाच राहतो. बिलावर "रस्त्यावर वापरण्यास मान्यता नाही" एवढे ठसठशीत छापायची सक्ती केली तरी निम्मे गिऱ्हाईक विचार करील.

यावर मला जी उत्तरे मिळतात त्यांत सगळ्यात वजनदार हे: आताच्या नव्या, उंच गाड्यांचे कंपनीचेच एलईडी डोळे फोडतात, मग एचआयडीवाल्या जुन्या गाड्यांनाच का धरता? आक्षेप योग्य आहे, आणि तो भिंतीच्या बाजूचाच आहे. भिंत बल्ब कुठल्या जातीचा हे विचारत नाही. नव्या एलईडी गाडीचा फोकस वर असेल तर तीही अडकेल. स्कूटरला लावलेला तो पांढरा सुईसारखा टोचणारा एलईडीही अडकायला हवा. दुचाकीवाले आपण नेहमी पीडित असतो असे नाही. रेंट-अ-कारवाल्यांनाही सूट नको, कारण अनोळखी रस्त्यावर बावरलेला पर्यटक हाय बीम सोडतच नाही, त्यात फोकस वर असला की संपलेच.

दुसरे उत्तर: आधी सरकारने रस्त्यावर दिवे लावावेत. लावावेतच. वीज खात्याकडे आमच्या वाड्याने अर्ज केला आहे, मीही त्यावर सही केली आहे. पण खांबाचा दिवा येईपर्यंत समोरच्याला आंधळे करत जाण्याचा परवाना त्यातून निघत नाही. तिसरे उत्तर मला सगळ्यात जास्त सलते, कारण ते मीही दिले होते: समोरचे सगळे लावतात, मग मी काय करू? यात चढाओढीचे गणित आहे. त्याने 3,000 ल्युमेन डोळ्यांत मारले की माझे 1,000 मला पुरत नाहीत, म्हणून मी बसवतो, मग तिसऱ्याला पुरत नाहीत. असे सगळ्यांकडे झाले की पुन्हा कुणालाच दिसत नाही, फक्त मधल्या काळात किट विकणाऱ्याचे भले होते. असल्या चढाओढीतून एकेकट्याने मागे यायचे म्हणजे तोटाच, आणि म्हणूनच हे काम प्रत्येकाच्या सद्‌बुद्धीवर सोडून चालत नाही.

माझे किट माळ्यावर खोक्यात आहे. काढले तेव्हा टाकून द्यायला जीव झाला नाही. गेल्या महिन्यात भाचा वाळपईहून आला होता, त्याने नुकतीच एक जुनी जीप घेतली आहे. "मामा, ते लाइट दे मला, तुझे पडूनच आहेत." मी त्याला म्हटले, आधी तुझे आहेत ते दिवे बघू. आम्ही रात्री जीप गोठ्याच्या चिऱ्याच्या भिंतीसमोर टेपने मोजून दहा मीटरवर लावली, कोळशाने रेघ मारली. उजवा दिवा रेघेच्या वीतभर वर, डावा जमिनीत तोंड खुपसून बसलेला. दोन्ही स्क्रू गंजलेले. तेल सोडून, पान्याने हलवत हलवत साडेनऊ वाजले. बहिणीचा दोनदा फोन येऊन गेला. शेवटी दोन्ही दिवे रेघेवर आले तेव्हा तो जीप घेऊन चोर्ल्याच्या दिशेने केरीपर्यंत जाऊन आला, आणि खोक्याविषयी काही न बोलता जेवायला बसला.